चुंबकाला दाद न देणारी तबकडी आणि तिला घातलेलं कुलूप

2025 च्या फेब्रुवारीत सोनीनं कोऱ्या मिनीडिस्क, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायच्या छोट्या डबीबंद तबकड्या, बनवणं बंद केलं. रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क आणि व्हिडिओच्या मिनीडीव्ही कॅसेट यांच्यासोबत एकाच घोषणेत हा विषय उरकला गेला. आपल्याकडे त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही, आणि घ्यायला कारणही नव्हतं. मिनीडिस्क भारतात रुजलीच नाही. आपण कॅसेटवरून सीडीवर आणि तिथून थेट एमपी3वर गेलो. ज्यांनी ती पाहिली असेल, त्यांनी बहुधा जपानहून किंवा आखातातून आलेल्या कुणाच्या तरी सामानात पाहिली असेल.

माझ्याकडे असा एक खिशात मावणारा रेकॉर्डर आहे आणि तो चालतो. तो हातात घेतला की लोक दोन गोष्टी हमखास म्हणतात. एक, ‘ही छोटी सीडीच की!’ आणि दुसरी, ‘चुंबकाजवळ ठेवू नका हं, पुसलं जाईल.’ दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. दुसरी का चुकीची आहे हे नीट सांगावं, एवढ्याचसाठी खरं तर लिहायला बसलो. पण या यंत्राची गोष्ट त्याच्या सॉफ्टवेअरनं घातलेल्या अडथळ्यांशिवाय पुरी होत नाही, त्यामुळे तिकडेही यावं लागेल.

आधी तबकडी पाहू. व्यास 64 मिलिमीटर, प्लास्टिकच्या चपट्या डबीत कायमची बंद. डबीला धातूची सरकती झडप. दुकानातून गाणी भरून आलेली मिनीडिस्क उलटी करून झडप सरकवली तर फक्त एका बाजूनं खिडकी उघडते. आत सीडीसारखे खड्डे असतात, ते वाचायला एका बाजूनं लेझर पुरतो. रेकॉर्ड करता येणाऱ्या डिस्कची झडप सरकवा, दोन्ही बाजूंनी खिडकी उघडते. खालून लेझर येतो आणि वरून एक छोटं चुंबकीय हेड तबकडीला येऊन टेकतं. रेकॉर्डचं बटण दाबल्यावर ‘टक्’ असा जो बारीक आवाज येतो, तो या हेडचा. दोन खिडक्या का लागतात, यातच सगळी गंमत आहे.

कॅसेटच्या फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात आणि हेडचं चुंबकीय क्षेत्र त्यांना थेट वळवतं. जे हेडला जमतं ते स्पीकरच्या दांडग्या चुंबकालाही जमतं, म्हणून कॅसेट जपावी लागायची. मिनीडिस्कवरचा थर निराळा आहे. तो टर्बियम (एक दुर्मिळ धातू), लोखंड आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा असतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ. त्यातलं चुंबकत्व पृष्ठभागाला लंब असतं, म्हणजे एखाद्या ठिपक्याचं तोंड वर तरी असतं किंवा खाली तरी. सगळं संगीत या वर-खालीच्या पट्ट्यांत लिहिलेलं असतं.

शाळेत आपण शिकलो की तापवलं की चुंबकाचं चुंबकत्व जातं. पिएर क्युरी यांनी 1895 मध्ये याचा नीट अभ्यास केला, म्हणून त्या तापमानाला क्युरी तापमान म्हणतात. शुद्ध लोखंडासाठी ते सुमारे 770 अंश सेल्सिअस आहे. मिनीडिस्कच्या मिश्रधातूसाठी ते मुद्दाम खाली आणलंय, साधारण 180 अंशांवर. एवढी उष्णता बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रातला काही मिलिवॉटचा लेझरही देऊ शकतो, कारण ती त्याला जेमतेम एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, ठिपक्यावर द्यायची असते. तबकडी लेझरखालून सेकंदाला 1.2 ते 1.4 मीटर वेगानं सरकते, म्हणजे कुठलाही ठिपका लेझरखाली असतो तो सेकंदाच्या साधारण दहा लाखाव्या भागापुरता. तेवढ्यात तो तापतो, त्याचं चुंबकत्व हरवतं, पुढे सरकतो आणि गार होऊ लागतो. नेमक्या त्या क्षणी वरच्या हेडचं क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा तो पकडतो आणि मग सोडत नाही. चिक्की गरम असतानाच कापावी लागते. गार झाली की सुरीला दाद देत नाही, तसंच.

इथे एक बारीक मुद्दा. लेझर चालू-बंद होत नाही, तो सलग तापवत राहतो. बदलतं ते हेडचं क्षेत्र, सेकंदाला काही लाख वेळा. त्यामुळे आधी तिथे काय लिहिलं होतं याची पर्वा न करता एकाच फेरीत नवं लिहिता येतं. आधी पुसा आणि मग लिहा, ही भानगड नाही. डिस्क दहा लाख वेळा पुन्हा लिहिता येते असा कंपनीचा दावा होता. सीडी-आर ‘बर्न’ करताना रंगद्रव्य खरंच कायमचं बदलतं. इथे काहीही जळत नाही.

इथपर्यंतचं पाठ्यपुस्तकात सापडेल. मला खरी भूल पडते ती पुढच्या गोष्टीची, आणि इथे जरा सावकाश वाचावं लागेल. खोलीच्या तापमानाला हा थर इतका हट्टी का असतो? या मिश्रधातूत दोन गट आहेत. टर्बियमच्या अणूंची चुंबकं एका दिशेला, लोखंड-कोबाल्टची बरोबर उलट दिशेला. दोघांची वजाबाकी करून जे उरतं तेवढंच बाहेर जाणवतं. तापमान वाढलं की दोन्ही गट दुबळे होतात, पण टर्बियम लवकर दमतो. त्यामुळे मिश्रणाचं प्रमाण साधून असं एक तापमान ठरवता येतं, जिथे दोघं तंतोतंत बरोबरीत येतात आणि वजाबाकी शून्य होते. याला भरपाई तापमान म्हणू. मिश्रधातू असा बनवतात की हे तापमान खोलीच्या तापमानाच्या आसपास पडावं.

आता बाहेरून चुंबक आणला तर तो पकडणार कशाला? त्याला धरायला मूठच नाही. गणितात सांगायचं तर दिशा उलटवायला लागणारं क्षेत्र म्हणजे ‘ठिपक्याचा हट्ट भागिले बाहेर जाणवणारं चुंबकत्व’. छेद शून्याकडे गेला की भागाकार अनंताकडे धावतो. प्रत्यक्षात अनंत वगैरे होत नाही, कारण थरात दोष असतात आणि उलटणं एखाद्या दोषापासून सुरू होतं. तरी फ्रीजवरच्या किंवा मोबाइलच्या कव्हरातल्या चुंबकाचा तिथे काही पाड लागत नाही. हाच थर क्युरी तापमानाजवळ गेला की हट्ट कोसळतो आणि हेडचं क्षीण क्षेत्रही पुरतं.

मग प्रश्न येतो: बाहेर जाणवणारं चुंबकत्वच जवळपास शून्य, तर लिहिलेलं वाचायचं कसं? चुंबकानं वाचायचंच नाही, प्रकाशानं वाचायचं. जॉन केर या स्कॉटिश शास्त्रज्ञानं 1877 मध्ये दाखवलं की चुंबकाच्या पृष्ठभागावरून परावर्तित होताना प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची, म्हणजे त्याची लहर ज्या दिशेत हलते ती, दिशा किंचित फिरते. मिनीडिस्कवर ती अर्ध्या अंशाहूनही कमी फिरते. तोंड वर असेल तर एकीकडे, खाली असेल तर दुसरीकडे. आणि कमाल ही की या लेझरच्या 780 नॅनोमीटरच्या प्रकाशावर परिणाम होतो तो मुख्यतः लोखंड-कोबाल्टच्या गटाचा. टर्बियम त्याला जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे चुंबकाला वजाबाकी जाणवते, तर प्रकाशाला वजाबाकीतला एकच आकडा दिसतो. बाहेरच्या चुंबकापासून लपलेलं अक्षर लेझरला मात्र स्वच्छ वाचता येतं. ज्यांनी हे जुळवून आणलं त्यांना माझा दंडवत.

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. मनगटात चुंबकीय कडं घातल्यानं ‘रक्तातलं लोह खेचलं जाऊन’ रक्तदाब उतरतो, असं सांगून आजही ती कडी विकली जातात. रक्तातलं लोह लोखंडाच्या खिळ्यासारखं नसतं. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं. एमआरआयच्या 1.5 टेस्लाच्या, म्हणजे दांडग्या, चुंबकीय क्षेत्रात माणूस अर्धा तास पडून राहतो आणि त्याचं रक्त जागच्या जागी वाहत राहतं. कड्यातल्या चुंबकाची काय कथा!

आवाजाचं दाबून लहान करणं थोडक्यात उरकतो. सीडीला सेकंदाला 1,411 किलोबिट लागतात, मिनीडिस्क 292 मध्ये भागवते. एट्रॅक नावाची पद्धत आवाजाचे पट्टे पाडते आणि मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा, कानाला तसाही न ऐकू येणारा भाग सोडून देते. डिस्क वाचली जाते सीडीच्याच वेगानं, लागते मात्र पाचवा हिस्सा माहिती. म्हणून यंत्र थोडं वाचून मेमरीत साठवतं आणि थांबतं. कान लावला तर तबकडी घरघरते, गप्प होते, पुन्हा घरघरते असं ऐकू येतं. गाणं मात्र अखंड चालू. धावताना धक्का बसला तरी ते तुटत नाही, ते यामुळेच.

आता कुलूप. 1992 च्या नोव्हेंबरात जपानमध्ये मिनीडिस्क बाजारात आली, त्याच वर्षी अमेरिकेत घरगुती डिजिटल रेकॉर्डिंगचा कायदा झाला. रेकॉर्ड कंपन्यांना भीती होती की डिजिटल प्रतीची प्रत, तिची प्रत, अशी साखळी चालली तर गुणवत्ता घटणारच नाही आणि डिस्क कुणी विकत घेणार नाही. कायद्यानं प्रत्येक घरगुती डिजिटल रेकॉर्डरला एक यंत्रणा बंधनकारक केली. ती म्हणजे डिजिटल सिग्नलसोबत जाणाऱ्या दोन-चार खुणेच्या बिटा. ‘हे मूळ आहे, एक प्रत चालेल’ किंवा ‘ही प्रत आहे, पुढे नाही’, एवढंच त्या सांगतात. समोरचा रेकॉर्डर त्या वाचतो आणि नकार देतो. गंमत म्हणजे संगणक या कायद्याच्या बाहेर राहिला. 1999 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं ठरवलं की संगणकावरून गाणी घेणारा रिओ हा एमपी3 प्लेअर कायद्याच्या अर्थानं ‘रेकॉर्डर’ नाहीच. मोकळ्या यंत्रांना वाट मिळाली, बांधलेलं बांधलेलंच राहिलं.

2001 मध्ये यूएसबीनं जोडता येणारी नेटएमडी यंत्रं आली आणि बंधन आणखी घट्ट झालं. संगणकावरचं एक गाणं डिस्कवर फक्त तीन वेळा ‘उसनं’ देता यायचं. चौथ्यांदा द्यायचं तर आधीचं एक परत घ्या. अशा गाण्यावर रेकॉर्डरमधूनच पुसायची आज्ञा दिली की पडद्यावर ‘ट्रॅक प्रोटेक्ट’ असं उमटायचं. फायली त्या त्या संगणकाशी बांधलेल्या असत. बॅकअप न घेता संगणक फॉरमॅट केला की गाणी हार्ड डिस्कवर असून नसल्यासारखी.

मला सगळ्यांत खटकतं ते निराळंच. संगणकाकडून डिस्ककडे गाणी धाडधाड जायची. उलट दिशेनं काहीच यायचं नाही. तुम्ही माइक लावून घरच्या माणसाचं गाणं रेकॉर्ड केलंत, ज्यावर जगातल्या कुठल्याही रेकॉर्ड कंपनीचा दमडीचा हक्क नाही, तरी ते यूएसबीवरून बाहेर काढता येत नसे. खिशातल्या यंत्रावर उपाय एकच: हेडफोनच्या भोकात वायर घालून संगणकात ते पुन्हा रेकॉर्ड करणं. 74 मिनिटांच्या डिस्कला 74 मिनिटं, आणि अंकांचं आवाजात, आवाजाचं पुन्हा अंकांत असं रूपांतर करताना थोडी घट.

यात भौतिकशास्त्राचा काहीही दोष नाही. तोच लेझर, तोच ठिपका, तोच अर्धा अंश. हेडफोनसाठी वाचलेले बिट यूएसबीकडे वळवणं एवढंच बाकी होतं. हीच तबकडी 140 मेगाबाइटची माहिती साठवणारी डिस्क म्हणून 1993 पासून वेगळ्या नावानं संगणकासाठी विकलीही जात होती. पण तोवर रेकॉर्डर बनवणारी कंपनी स्वतःच एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीची मालक झाली होती. सोनीनं सीबीएस रेकॉर्ड्स 1988 मध्येच घेतली होती. एका खात्यानं रेकॉर्डर बनवायचा आणि दुसऱ्यानं त्याला घाबरायचं!

2004 मध्ये एका डिस्कवर 1 गिगाबाइट मावणारी हाय-एमडी आली. तिच्यावर नव्यानं केलेलं स्वतःचं रेकॉर्डिंग अखेर संगणकावर घेता येऊ लागलं, सुरुवातीला त्यातही अटी होत्याच. जुन्या डिस्कवरचं रेकॉर्डिंग यूएसबीनं बाहेर काढू देणारं मॉडेल 2006 मध्ये आलं, तेव्हा लोक आयपॉड घेऊन मोकळे झाले होते. खिशातल्या मिनीडिस्क यंत्रांची विक्री सोनीनं 2011 मध्ये आवरती घेतली. हौशी मंडळींनी मात्र नेटएमडीची भाषा उलगडली. आज ब्राउझरमधून, केबल जोडून, त्या जुन्या सॉफ्टवेअरशिवाय डिस्क भरता येते. काही यंत्रांच्या फर्मवेअरमधली, म्हणजे आतल्या कायमच्या सॉफ्टवेअरमधली, फट शोधून जुनी रेकॉर्डिंगही थेट बाहेर काढता येतात.

तेव्हा परदेशी राहून आलेल्या कुणाच्या कपाटात अशा डिस्क सापडल्या तर चुंबकाची काळजी सोडा. डबीच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून वर काही लिहिलं जाणार नाही. डिस्क ‘कोरी’ दिसली तरी फेकू नका. रेकॉर्डरवर गाणं पुसलं की फक्त अनुक्रमणिकेतली नोंद जाते. थरावरची वर-खालीची तोंडं तशीच राहतात, त्यांच्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. तेवढ्याच वेळेची भरलेली दुसऱ्या डिस्कची अनुक्रमणिका हिच्यावर उतरवून अशी गाणी परत मिळवणारे लोक आहेत. मात्र त्यासाठी डिस्कवर लिहावं लागतं, म्हणजे तो खटका पुन्हा मिटवावा लागेल. ते जाणत्या माणसावर सोडा.