खुनाचा खटला चालवाच, असं तिचाच वकील म्हणत होता

अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या कादंबऱ्या म्हटलं की १८५२ ची 'अंकल टॉम्स केबिन' ही गाजलेली कादंबरी सगळ्यांना माहितीय, तिच्यात शिरत नाही. नंतरच्या लेखकांनी जो नैतिक गुंता हाताळला तो काही त्यांनी डोक्यातून काढलेला नाही, कोर्टाच्या कागदांत तो आधीपासून होताच, आणि त्यातली एक केस तर भयंकर आहे.

जानेवारी १८५६. केंटकीत गुलामगिरी, नदीपलीकडच्या ओहायोत बंदी. त्या थंडीत नदी गोठली होती म्हणून एक कुटुंब रात्रीतून बर्फावरून चालत सिनसिनाटीला पोचलं, नवराबायको, चार पोरं, सासूसासरे. मालकाच्या माणसांनी घराला वेढा घातला तेव्हा विशीतल्या त्या आईनं, मार्गारेट गार्नरनं, सुरीनं आपल्या लहान मुलीचा गळा चिरला. बाकीच्या पोरांनाही मारणार होती, तिला धरलं.

आता इथून पुढे डोकं गरगरतं. तिच्या बाजूचा वकील म्हणत होता, हिच्यावर खुनाचा खटला चालवाच. कारण खटला चालला तर ती ओहायोच्या ताब्यात राहणार, शिक्षा झालीच तर गव्हर्नर माफी देईल ही आशा, शिवाय खुनी ठरवायचं तर आधी माणूस मानावं लागतं ना. मालकाचं म्हणणं साधं, १८५० चा फरारी गुलामांचा कायदा केंद्राचा आहे, माझा माल मला द्या. म्हणजे हितचिंतक तिच्यावर खुनाचा आरोप लागावा म्हणून धडपडतायत आणि मालकाला तो आरोप नकोय! त्या कायद्यात निकाल देणाऱ्या कमिशनरची फीसुद्धा ठरलेली, माणूस परत पाठवला तर १० डॉलर, सोडला तर ५. कारण काय तर म्हणे परत पाठवताना कागदपत्रं जास्त करावी लागतात.

निकाल मालकाच्या बाजूनं लागला. बोटीनं दक्षिणेकडे नेताना अपघात झाला, तिची दुसरी, तान्ही मुलगी बुडाली. ती स्वतः १८५८ मधे टायफॉइडनं गेली. खुनाचा खटला कधीच चालला नाही. (आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ मधे आपलं पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तेव्हा या केसला जेमतेम १७ वर्षं झाली होती.)

पुढे हे प्रकरण बरंचसं विस्मरणात गेलं. मग १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या एका कृष्णवर्णीय संपादक बाईंना, टोनी मॉरिसन यांना, जुन्या कात्रणांचं पुस्तक करताना ते सापडलं आणि १९८७ मधे त्यांनीच त्यावर 'बिलव्हेड' ही कादंबरी लिहिली. त्यांनी मुद्दाम फार खोदकाम केलं नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं, कारण आईनं केलं ते बरोबर की चूक हे त्या आपल्याला सांगतच नाहीत, मेलेली मुलगी घरी परत येते आणि आपण बसतो तिच्याकडे बघत.

त्याच्या वीस वर्षं आधी वेगळाच राडा झाला होता. १८३१ मधे व्हर्जिनियात गुलामांनी उठाव केला, त्याच्या पुढाऱ्याचा, नॅट टर्नरचा, जबाब तुरुंगात एका गोऱ्या वकिलानं लिहून घेतला. १९६७ मधे विल्यम स्टायरन या गोऱ्या लेखकानं त्या पुढाऱ्याच्या तोंडून 'मी' म्हणत अख्खी कादंबरी लिहिली. तिला पुलित्झर मिळालं, आणि त्याच वर्षी दहा कृष्णवर्णीय लेखकांनी मिळून तिला झोडपणारं पुस्तक काढलं. त्यांचा राग मला पटतो, टर्नरला वाटणारी गोऱ्या मुलीची ओढ कादंबरीत पानंच्या पानं आहे आणि त्याची बायको मात्र गायब.

२००३ च्या 'द नोन वर्ल्ड' या एडवर्ड पी. जोन्सच्या कादंबरीत तर मालकच काळा आहे. हेही हवेतलं नाही. व्हर्जिनियात १८०६ च्या कायद्यानं मुक्त केलेल्या गुलामाला वर्षभरात राज्य सोडावं लागायचं, मग बापानं पैसे जमवून पोराला विकत घेतलं तरी कागदावर त्याला गुलामच ठेवायचं, नाहीतर पोरगा घरात राहू शकत नाही.

आणि २०२४ मधे आलेल्या पर्सिव्हल एव्हरेटच्या 'जेम्स' या कादंबरीत मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'मधला पळालेला गुलाम स्वतः गोष्ट सांगतो. तो छान शुद्ध भाषा बोलतो, गोरं माणूस दिसलं की तेवढ्यापुरतं मोडकंतोडकं.