बेंझो(ए)पायरीन (हवेतील)

कोळसा, लाकूड, गोवऱ्या, डिझेल, पालापाचोळा असे कार्बनयुक्त पदार्थ अपुऱ्या हवेत जळताना तयार होणारे, एकमेकांस चिकटलेल्या पाच कार्बन-वलयांचे हायड्रोकार्बन (कार्बन व हायड्रोजन यांचे संयुग). अशा अनेक वलये असलेल्या (बहुवलयी ॲरोमॅटिक) हायड्रोकार्बनांपैकी दोन-तीन वलयांची संयुगे बहुतांशी वायुरूपात राहतात. पाच-सहा वलयांची जड संयुगे मात्र धूर निवताच काजळीच्या कणांवर बसतात. हे कण बहुधा २.५ मायक्रोमीटरहून लहान असल्याने त्यांतील बरेचसे नाकाघशात न अडकता फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा काजळीशी असलेला संबंध लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये नोंदविला. सशांच्या कानांना डांबर वारंवार लावून यामागिवा व इचिकावा यांनी १९१५ च्या सुमारास तेथे अर्बुदे (गाठी) निर्माण केली. डांबरातील नेमका कर्कजन (कर्करोगकारक) घटक शोधताना सुमारे २ टन पिचमधून (डांबराच्या ऊर्ध्वपातनानंतर उरणाऱ्या घट्ट काळ्या अवशेषातून) हे संयुग वेगळे काढण्यात आले (१९३३).

मूळ रूपात हे संयुग फारसे क्रियाशील नसते. ते पाण्यात विरघळावे व बाहेर टाकता यावे म्हणून शरीरातील एंझाइमे त्याचे ऑक्सिडीकरण करतात आणि त्यातूनच डायॉल-इपॉक्साइड हे घातक रूप उत्पन्न होते. ते डीएनएमधील ग्वानिन या घटकाला घट्ट जोडले जाते. ही जोडणी दुरुस्त होण्यापूर्वी पेशीविभाजन झाल्यास उत्परिवर्तन कायम होऊ शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या संयुगाला मानवी कर्कजनांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

धोका किती, याविषयी मात्र मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हवेत घनमीटरला १ नॅनोग्रॅम बेंझोपायरीन असताना आयुष्यभर श्वसन केल्यास एक लाख व्यक्तींमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचे ८.७ अधिक रुग्ण संभवतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने ठरविलेल्या धोका-गुणकाने हाच आकडा दहा लाखांमागे केवळ १.१ येतो, म्हणजे सुमारे ऐंशी पटींची तफावत पडते. पहिला अंदाज कोकभट्टीवरील (कोळशापासून कोक बनविणाऱ्या भट्टीवरील) कामगारांच्या अभ्यासावर आधारलेला असून त्यात बेंझोपायरीन हे संपूर्ण धूरमिश्रणाचे निदर्शक मानले आहे. दुसरा शुद्ध संयुग हुंगविलेल्या हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांवरून काढलेला आहे. प्रत्यक्षात माणूस मिश्रणच हुंगत असल्याने शहरी हवेसाठी पहिला अंदाज अधिक सयुक्तिक वाटतो. तथापि कोकभट्टीचा धूर व रस्त्यावरील धूर यांची घडण एकसारखी नसते, हे ध्यानात ठेवावे लागते. इतर बहुवलयी संयुगांना बेंझोपायरीनच्या तुलनेत घातकता दर्शविणारे सममूल्य गुणक देऊन (उदा., क्रायसीन या संयुगाला ०.०१) केलेल्या एकूण धोक्याच्या बेरजेत ही अनिश्चितता उतरतेच.

घरातील धुराचा ठळक दाखला चीनच्या युनान प्रांतातील श्वेनवेई येथील आहे. तेथे धुरकट कोळशावर बिनधुराड्याच्या चुलीत स्वयंपाक करणाऱ्या, धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण असाधारण आढळले आणि चुलींना धुराडी बसविल्यावर ते घटले. आपल्याकडे गोवऱ्या-लाकडांच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणाऱ्या स्त्रीचा चेहरा धुराच्या उगमापासून हातभर अंतरावर असतो. चौकातील मापनयंत्रात हा धूर वेगळा दिसत नाही.

मापनासाठी ठरावीक आकारमानाची हवा गाळणपत्रातून ओढतात. त्यावर साचलेला काळपट थर द्रावकात विरघळवून वर्णलेखनाने (क्रोमॅटोग्राफीने) पृथक्करण करतात. उन्हाळ्यात ओझोनमुळे गाळणपत्रावरील बेंझोपायरीनचा काही अंश नष्ट होतो, म्हणून आलेला आकडा कमी असण्याचा संभव असतो.

भारताच्या २००९ च्या मानकांत कणांवरील बेंझोपायरीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला १ नॅनोग्रॅम आहे. बहुवलयी हायड्रोकार्बनांच्या नायट्रो-संयुगांसाठी या मानकांत स्वतंत्र मर्यादा नाही.