खोक्यावर 900 लुमेन, वहीवर किती?

तापकीर गल्लीत बल्ब घ्यायला गेलं की पहिला प्रश्न "किती वॉटचा देऊ?" आणि आपणही नऊ नाहीतर बारा सांगून मोकळे होतो. वॉट म्हणजे बल्ब वीज किती खातो एवढंच. उजेडाचा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात लुमेनमधे असतो, 9 वॉटच्या एलईडीला साधारण 900. पण हा झाला बल्बमधून बाहेर पडलेला सगळा उजेड, त्यातला तुमच्या वहीवर किती पोचला ते बघायचं असेल तर लक्स. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स, बास.

आता हे 900 लुमेन सगळीकडे सारखे पसरतात असं धरलं तर एक मीटरवर जेमतेम 72 लक्स मिळतात आणि दोन मीटरवर 36 नाही, थेट 18, कारण अंतर दुप्पट झालं की तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरतो. (पांढऱ्या भिंती आणि छत थोडा परत फेकतात, तेवढीच मदत.) वाचायला 300 ते 500 लक्स तरी हवेत, त्यामुळे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रात्र काढणाऱ्यांना माझा सल्ला एकच, छतावरचा बल्ब मोठा करण्यापेक्षा टेबल लॅम्प जवळ ओढा.

डोळ्यावर मात्र भरवसा ठेवू नका. भर दुपारचं ऊन 1 लाख लक्सच्या घरात, पौर्णिमेचं चांदणं पाव लक्ससुद्धा कसंबसं, आणि डोळा दोन्हीकडे जुळवून घेतो! मोबाईलमधलं लक्स अ‍ॅप तुलनेपुरतं चालतं, फक्त सेन्सर बहुतेक वेळा पुढच्या बाजूला असतो म्हणून फोन वहीवर स्क्रीन वर करून ठेवायचा. अमेरिकन कॅटलॉगमधे फूटकँडल दिसलं तर 10.76 ने गुणा, झाले लक्स.

अजून एक गोची आहे. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने ठरवलंय, म्हणजे 555 नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्याला सगळ्यात जास्त भाव आणि लाल-निळ्याला अगदी कमी, पण झाडं नेमका लाल-निळा उजेड चांगला वापरतात. म्हणून झाडं वाढवायच्या लाल-निळ्या दिव्याखाली, म्हणजे ग्रो लाइटखाली, लक्स मीटर कमी आकडा दाखवतो तरी झाडाचं पोट भरत असतं. तिथे मोजतात ते दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोल या मापात, भर उन्हात साधारण 2000. तळेगावकडच्या पॉलिहाउसमधला गुलाब असो की ऊन न येणाऱ्या बाल्कनीतली तुमची मिरची, दुकानदार ग्रो लाइटचे नुसते लक्स सांगत असेल तर पार (PAR) मीटरचा, म्हणजे झाडांच्या कामाचा उजेड मोजणाऱ्या मीटरचा आकडा मागा.