एकाच पिनचे चार पत्ते

रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर बिनतक्रार चालणारा पायथन प्रोग्रॅम पाय ५ वर चालवायला घेतला, तर पिना हाताळणारी 'आरपीआय.जीपीआयओ' ही जुनी लायब्ररी सुरुवातीलाच हात वर करते. चिपमधल्या पेरिफेरलांचा (उपकरणांचा) मूळ पत्ता ठरवता येत नाही, असा निरोप देऊन ती थांबते. एलईडी तोच, वायर तीच, चाळीस पिनांच्या पट्टीवरची जागाही तीच : जीपीआयओ १७, म्हणजे पट्टीवरची ११ नंबरची पिन. (प्रोग्रॅमने चालू-बंद करता येणाऱ्या किंवा वाचता येणाऱ्या पिना म्हणजे जीपीआयओ.) फक्त त्या पिनवर ताबा ठेवणारं रजिस्टर, म्हणजे चिपमधला हुकूम घेणारा छोटा कप्पा, प्रोसेसरला आता दुसरीकडे दिसतं.

प्रोसेसरच्या लेखी एलईडी लावणं म्हणजे मेमरीत एक आकडा लिहिणं. चिप घडवतानाच पत्त्यांचा एक पट्टा रॅमऐवजी उपकरणांसाठी राखलेला असतो. त्या पट्ट्यात लिहिलेला आकडा साठून राहत नाही, त्याने काहीतरी घडतं. पाय ४ पर्यंतच्या पाटांवर (सर्किट बोर्डांवर) जीपीआयओ १७ पेटवायची रीत अशी. दर पिनची दिशा तीन बिटांत ठरते आणि एका रजिस्टरात दहा पिना बसतात. १७ ला १० ने भागलं की भागाकार १, बाकी ७. म्हणून दिशा ठरवणारं रजिस्टर क्रमांक १, आणि त्यातला ७ × ३ = २१ वा बिट आणि पुढचे दोन. तिथे ००१ लिहिलं की पिन आउटपुट होते. मग जीपीआयओच्या मूळ पत्त्यापासून २८ बाइट पुढच्या रजिस्टरात १७ वा बिट १ केला की एलईडी पेटतो, ४० बाइट पुढच्या रजिस्टरात तोच बिट १ केला की विझतो. पेटवायला एक आणि विझवायला दुसरं रजिस्टर ही चैन वाटेल, पण त्यामुळे आधी वाचा, बिट बदला, परत लिहा ही कसरत टळते आणि मधल्या क्षणात दुसऱ्या कुणी केलेला बदल पुसला जात नाही. दिशेच्या रजिस्टराला ही सोय नाही, तिथे ड्रायव्हरला (उपकरण हाताळणाऱ्या प्रोग्रॅमला) कुलूप लावूनच काम करावं लागतं.

हे सगळं मोजायचं 'मूळ पत्त्यापासून'. तो पत्ता मात्र पाटागणिक बदलत गेला. (पुढचे पत्ते सोळाच्या पद्धतीने लिहिले आहेत, म्हणजे ९ नंतर ए ते एफ. वाचायला सोपं जावं म्हणून चार-चार अंकांत तोडले आहेत.) पहिल्या पायच्या बीसीएम२८३५ चिपमध्ये पेरिफेरल २००० ०००० पासून सुरू होतात, जीपीआयओ २०२० ०००० ला. पाय २ आणि पाय ३ वर जीपीआयओ ३एफ२० ०००० ला. पाय ४ वर एफई२० ०००० ला. पाय ५ वर १एफ ०००डी ०००० ला.

यामागे रॅमचं साधं गणित आहे. पहिल्या पायला जास्तीत जास्त ५१२ एमबी रॅम होती आणि ५१२ एमबी संपते तो पत्ता म्हणजे २००० ००००. उपकरणं तिथून पुढे बसवली. २०१५ साली पाय २ एक जीबी रॅम घेऊन आला, तेव्हा ती जागा रॅमच्या ऐन मध्यावर आली. मग उपकरणांना एक जीबीच्या माथ्यावरचे शेवटचे १६ एमबी दिले. पाय २ आणि ३ वर रॅम १०२४ ऐवजी १००८ एमबीलाच थांबते ती म्हणून. २०१९ च्या पाय ४ मध्ये रॅम आणखी वाढली आणि उपकरणं चार जीबीच्या शेवटाकडे सरकली. पाय ५ मध्ये तर जीपीआयओ मुख्य चिपमध्ये राहिलंच नाही. ते 'आरपी१' नावाच्या वेगळ्या चिपमध्ये गेलं आणि दोघींच्या मध्ये पीसीआय एक्स्प्रेसची बस, म्हणजे डेटा वाहणारी वाट, आली.

आता पहिल्या पायसाठी लिहिलेला, २०२० ०००० हा पत्ता कोडातच ठोकलेला प्रोग्रॅम पाय २ वर चालवला आणि 'डेव्ह-मेम' या फाइलीतून थेट मेमरीत लिहायला कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, मुभा दिलेली असली, तर काय होईल? त्रुटीचा निरोप येणार नाही. त्या पत्त्यावर पाय २ मध्ये साधी रॅम आहे. प्रोग्रॅम समाधानाने तिथे आकडे लिहीत राहतो, एलईडी पेटत नाही, आणि मेमरीच्या त्या पानावर (तुकड्यावर) ज्या कुठल्या प्रोग्रॅमचा डेटा होता तो बिघडतो. वायर तपासण्यात तास जातो आणि तिसराच प्रोग्रॅम कोसळतो. चुकीच्या पत्त्यावर काहीच नसतं तर बरं, निदान चूक लगेच कळली असती.

मौजेची गोष्ट अशी, की बीसीएम२८३५ च्या अधिकृत माहितीपत्रकात जीपीआयओचा यातला एकही पत्ता थेट दिसत नाही. तिथे जीपीआयओचा पत्ता ७ई२० ०००० असा छापला आहे. तो चिपच्या आतल्या बसचा पत्ता. व्हिडिओकोअर हा ग्राफिक्सचा प्रोसेसर आणि डीएमए इंजिन (मुख्य प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणारा भाग) याच पत्त्याने उपकरणं ओळखतात. शहराच्या कडेच्या एखाद्या जागेला तलाठ्याकडे गट नंबर असतो, नगर भूमापनाकडे सिटी सर्व्हे नंबर आणि घरपट्टीच्या पावतीवर तिसराच मिळकत क्रमांक. कुठला नंबर सांगायचा ते तुम्ही कोणत्या कचेरीच्या खिडकीशी उभे आहात त्यावर ठरतं. इथेही बसचा पत्ता, प्रोसेसरचा भौतिक पत्ता आणि कर्नेलचा आभासी पत्ता अशा तीन कचेऱ्या आहेत. एकीचा नंबर दुसरीला देणं ही ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची सगळ्यात जुनी चूक.

लिनक्सने यावर काढलेला तोडगा म्हणजे डिव्हाइस ट्री. मूळची ओपन फर्मवेअरमधली, पॉवरपीसीच्या जगात रुळलेली ही कल्पना. आर्म प्रोसेसरांच्या जगात प्रत्येक पाटासाठी कर्नेलमध्ये वेगळी सी-फाइल लिहायची पद्धत होती; त्या गर्दीवर २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स जाहीरपणे वैतागले आणि मग सगळ्यांची पावलं इकडे वळली. पाटाचं वर्णन कोडाबाहेर, एका वेगळ्या फाइलीत ठेवायचं आणि बूट होताना ती कर्नेलच्या हाती द्यायची. पायच्या त्या फाइलीत जीपीआयओचा पत्ता बसच्या भाषेत, ७ई२० ०००० असाच लिहिलेला असतो. वर 'रेंजेस' नावाची एक नोंद असते : बसवरचं ७ई०० ०००० म्हणजे प्रोसेसरकडचं अमुक, लांबी इतकी. बेरीज-वजाबाकी कर्नेल करतो.

ही नोंद स्वतः वाचायची वेळ आली तर दोन खड्डे आहेत. डिव्हाइस ट्रीतले आकडे मोठ्या टोकाकडून (मोठ्या किमतीचा बाइट आधी) साठवलेले असतात आणि पायचा प्रोसेसर लहान टोकाकडून वाचतो. उलटवायला विसरलात तर पाय २ वर मूळ पत्ता ३एफ०० ०००० ऐवजी ०००० ००३एफ, म्हणजे नुसता ६३ येतो. असला हास्यास्पद लहान आकडा दिसला की रोग लगेच ओळखावा. दुसरा खड्डा जास्त फसवा. पाय १ ते ३ वर नोंदीतले पहिले चार बाइट बसचा पत्ता आणि पुढचे चार प्रोसेसरचा. पाय ४ वर प्रोसेसरचा पत्ता आठ बाइटांचा झाला. त्यामुळे त्याच जागी वाचलेले चार बाइट शून्य येतात आणि खरा एफई०० ०००० त्यापुढे असतो. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या बीसीएम-होस्ट लायब्ररीत यावर सरळ ठिगळ आहे : चौथ्या बाइटपासून वाचा, शून्य आलं तर आठव्यापासून वाचा. काम चालतं. पण पत्ता किती शब्दांचा हे सांगणारी 'अ‍ॅड्रेस-सेल्स' ही नोंद त्याच झाडात असते. ती वाचूनच पुढे जाणं केव्हाही बरं.

कर्नेलच्या आतल्या ड्रायव्हरला यातलं काहीच करावं लागत नाही, करूही नये. त्याने 'डेव्हएम प्लॅटफॉर्म आयओरीमॅप रिसोर्स' हे फंक्शन बोलवावं, आभासी पत्ता घ्यावा आणि पुढे फक्त अंतरं मोजावीत. हे फंक्शन नकाशा करून देतं तसंच त्या पानांवर 'हे उपकरण आहे, कॅशमध्ये ठेवू नका' असा शिक्काही मारतं. शिक्का नसेल तर एलईडी पेटवणारा आकडा कॅशमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या तात्पुरत्या साठ्यातच, अडकून बसेल. त्याहून वाईट म्हणजे, प्रोसेसर पुढचा अंदाज बांधून उगाच वाचून ठेवेल. रॅमच्या बाबतीत असं वाचणं निरुपद्रवी असतं. सीरिअल पोर्टच्या डेटा-रजिस्टरातून मात्र वाचणं म्हणजे रांगेतला एक बाइट काढून घेणं. कुणी न मागता वाचलेला बाइट कायमचा गेला.

लिहिण्या-वाचण्यासाठीही साधा पॉइंटर न वापरता 'रीडएल' आणि 'राइटएल' वापरायची. ती कंपायलरला एकही लिखाण गाळू देत नाहीत, बाइटांचा क्रम सांभाळतात आणि योग्य जागी क्रम मोडू न देणारा अडसर घालतात. बीसीएम२८३५ च्या माहितीपत्रकात स्पष्ट इशारा आहे, की एका उपकरणावरून दुसऱ्याकडे जाताना अडसर घातला नाही, तर वाचलेली उत्तरं उलटसुलट क्रमाने येऊ शकतात. टायमरला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जीपीआयओचं म्हणून हाती पडतं.

पाय ५ मध्ये या क्रमाच्या भानगडीला नवं वळण लागलं. पीसीआय एक्स्प्रेसवरचं लिखाण टपालपेटीत टाकलेल्या पत्रासारखं असतं : प्रोसेसर टाकून मोकळा होतो, पत्र मागून पोचतं. रिसेटचा बिट लिहा, दहा मायक्रोसेकंद थांबा, बिट काढा, असं कोड असेल तर ते दहा मायक्रोसेकंद पत्र वाटेत असतानाच सुरू होतात. उपकरणाला मिळणारा रिसेट कमी भरतो आणि बिघाड कधी होतो, कधी होत नाही. उपाय एका ओळीचा : लिहिल्यावर त्याच उपकरणाचं एखादं निरुपद्रवी रजिस्टर वाचायचं आणि मग थांबायचं. वाचलेलं उत्तर परत यायच्या आधी मागचं लिखाण पोचलेलंच असतं. अर्थात प्रत्येक वाचनासाठी प्रोसेसर ताटकळतो, म्हणून ही युक्ती जिथे वेळ मोजायची आहे तिथेच.

पत्ता बरोबर मिळाला म्हणजे सुटलो, असंही नाही. पिनला आतून पुल-अप (मोकळी पिन वरच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारी जोडणी) लावायचं उदाहरण घ्या. जुन्या चिपमध्ये त्यासाठी एक छोटा विधी आहे : एका रजिस्टरात काय हवं ते लिहा, १५० आवर्तनं थांबा, दुसऱ्या रजिस्टरात पिनचा बिट लावा, पुन्हा १५० आवर्तनं थांबा, मग दोन्ही साफ करा. पाय ४ च्या बीसीएम२७११ मध्ये हा विधी रद्द झाला आणि दर पिनला दोन बिट देणारी नवी रजिस्टरं आली. शिवाय अर्थही उलटले. जुन्या चिपमध्ये १ म्हणजे पुल-डाउन आणि २ म्हणजे पुल-अप. नव्यात १ म्हणजे अप, २ म्हणजे डाउन. जुना कोड पाय ४ वर एलईडी छान पेटवतो, पण बटण वाचताना पिन तरंगत राहते आणि हात जवळ नेला तरी दाबल्याचे भास होतात. लिनक्सचा ड्रायव्हर दोन्ही चिपांसाठी एकच आहे. डिव्हाइस ट्रीतल्या 'कम्पॅटिबल' या ओळीत चिपचं नाव असतं, त्यावरून तो त्या-त्या चिपची माहितीची चौकट उचलतो. फरक त्या चौकटीत, बाकी कोड सामाईक.

याचा सगळ्यात देखणा नमुना सीरिअल पोर्टच्या ८२५० ड्रायव्हरात सापडतो. जुन्या पीसीत पहिला सीरिअल पोर्ट ३एफ८ ला असे, तोही मेमरीत नव्हे, आयओ पोर्टांच्या वेगळ्याच जगात, जिथे जायला प्रोसेसरच्या खास सूचना लागतात. तिथे रजिस्टरं एकेका बाइटावर, म्हणून तिसऱ्या क्रमांकाचं रजिस्टर (मोजणी शून्यापासून) ३एफबी ला. पायमधला मिनी-यूएआरटी हा सीरिअल पोर्ट त्याच घराण्यातला, पण मेमरीत बसलेला आणि रजिस्टरं चार-चार बाइटांवर. त्याची रजिस्टरं ७ई२१ ५०४० पासून सुरू होतात आणि तिसरं ७ई२१ ५०४सी ला येतं. ड्रायव्हर फक्त 'रेग-शिफ्ट' नावाचा एक आकडा ठेवतो. पीसीसाठी तो शून्य, इथे दोन. रजिस्टरचा क्रमांक तेवढे बिट डावीकडे सरकवला की अंतर मिळतं.

डीएमएच्या वाटेला गेलात तर तीन कचेऱ्यांचा मामला पुन्हा समोर येतो, या वेळी रॅमसाठी. पाय २ आणि ३ वर डीएमए इंजिनाला रॅम सी००० ०००० पासून दाखवली जाते. प्रोसेसरचा भौतिक पत्ता तसाच त्याच्या हाती दिला की डेटा भलतीकडे जातो. 'डीएमए अलॉक कोहेरंट' हे फंक्शन एकाच बफरचे दोन पत्ते देतं, एक प्रोसेसरसाठी आणि एक उपकरणासाठी; ते दोन वेगळ्या चलांत ठेवावेत आणि एकावरून दुसरा काढायच्या फंदात पडू नये. उपकरणाची पोच कुठवर आहे तेही सांगावं लागतं. पाय ४ च्या सुरुवातीच्या चिपांत पीसीआय एक्स्प्रेसमागच्या यूएसबी नियंत्रकाला पहिल्या तीन जीबीपलीकडची रॅम गाठता येत नव्हती. ड्रायव्हरने मर्यादा नीट कळवली असेल तर कर्नेल खालच्या भागात तात्पुरता बफर घेऊन डेटा नकलून देतो. थोडा वेळ जातो, पण डेटा शाबूत राहतो.

स्वतःच्या पाटावर काय चाललंय ते पाहायला 'प्रॉक'मधली 'आयओमेम' ही फाइल उघडा, पण सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, कारण साध्या वापरकर्त्याला सगळे पत्ते शून्य दिसतात. पाय ४ वर जीपीआयओच्या एकाच ओळीत सुरुवातीला एफई२०००००, म्हणजे प्रोसेसरचा पत्ता, आणि नावात ७ई२०००००, म्हणजे बसचा पत्ता, असे दोन्ही भेटतात. वापरकर्त्याच्या बाजूने एममॅप करत (उपकरणाचे पत्ते आपल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत आणत) असाल तर पानाचा आकार ४०९६ धरून चालू नका. पाय ५ चा नेहमीचा कर्नेल १६ केबीची पानं वापरतो आणि त्या पटीत नसलेलं अंतर दिलं की नकार देतो.

नुसता एलईडी पेटवायचा असेल तर यातलं काहीच न करता लिबजीपीआयओडी ही लायब्ररी वापरावी. पत्त्यांची उठाठेव कर्नेलकडे राहते. तिथेही आकडा ठोकायचा मोह आवरा : पाय ५ वर चाळीस पिनांची पट्टी सुरुवातीला 'जीपीआयओचिप ४' होती, नंतरच्या कर्नेलांत ती 'जीपीआयओचिप ०' झाली. चिप लेबलवरून शोधावी, पाय ५ वर 'पिनकंट्रोल-आरपी१' आणि पाय ४ वर 'पिनकंट्रोल-बीसीएम२७११'. किंवा थेट 'जीपीआयओ१७' या नावाने ओळ मागावी.