वायफाय प्रिंटर आहे म्हणून कुठूनही प्रिंट निघते? नाही हो

"प्रिंटर वायफायवाला आहे ना, मग बाहेरगावाहून पण प्रिंट निघेल की" हे इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. नाही निघत. निदान आपोआप तरी नाही. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे, प्रिंटर वायफायवर आहे म्हणजे तो फक्त घरातल्या राउटरला जोडलेला आहे, आणि एअरप्रिंट (आयफोनमधली वायफायवरून प्रिंट काढायची सोय) काय करतं तर फोन त्याच नेटवर्कवर हाक मारतो "कोणी प्रिंटर आहे का रे इथे?" आणि प्रिंटर ओ देतो. ही हाक राउटरच्या बाहेर जातच नाही, म्हणून मोबाईल डेटावर गेलात की प्रिंटर यादीतून गायब.

बाहेरून प्रिंट काढायची तर मधे कोणीतरी लागतं. एकतर प्रिंटरच्या कंपनीची क्लाउड सेवा (म्हणजे इंटरनेटवरचा तिचा सर्व्हर), तिथे प्रिंटर स्वतःच सर्व्हरशी संपर्क ठेवून असतो काही काम आलंय का म्हणून (त्यासाठी तो चालू हवा, ट्रेमध्ये कागद हवा, हे लोक हमखास विसरतात), नाहीतर व्हीपीएन (इंटरनेटवरून घरापर्यंतची सुरक्षित खाजगी वाट) लावून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचं. गूगल क्लाउड प्रिंट वापरा असा सल्ला अजून फिरतोय, ती सेवा ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली.

आणि "राउटरवर ९१०० पोर्ट (बाहेरून थेट प्रिंटरपर्यंत येणारं दार) उघड" असं कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. त्या पोर्टवर प्रिंटर सहसा पासवर्ड विचारतच नाही, येईल ते छापतो. २०१८ मध्ये असेच उघडे पडलेले हजारो प्रिंटर एका यूट्यूबरची जाहिरात छापत बसले होते.