सभागृहातील दृक्‌श्राव्य व नेटवर्क यंत्रणा (कोकण किनारपट्टी)

महाविद्यालयाच्या सभागृहात आवाज, प्रोजेक्शन, थेट प्रक्षेपण आणि इंटरनेट यांसाठी एकत्र जोडलेली यंत्रणा. माइक, मिक्सर, अँप्लिफायर, स्पीकर, प्रोजेक्टर, नेटवर्क स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारे यंत्र), वाय-फायचे अॅक्सेस पॉइंट आणि यूपीएस हे तिचे मुख्य भाग. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात ही यंत्रणा वापराने झिजण्याआधी खारी हवा, दमटपणा आणि आकाशातली वीज यांनीच बिघडते. म्हणून इथे अर्थिंग, वायरिंग आणि रॅक (यंत्रे बसवायची चौकट) आधी ठरवावे, माइक-प्रोजेक्टरचे मॉडेल नंतर.

किनारपट्टीवर बऱ्याच ठिकाणी जांभा आहे. तो सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि त्याचा विद्युतरोध वाढतो. मीठ-कोळशाच्या जुन्या पद्धतीत मीठ पावसागणिक वाहून जाते आणि असेपर्यंत जीआय (जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी) पाइप गंजवते. त्यापेक्षा तांब्याचा मुलामा असलेली सळई आणि तिच्याभोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) जास्त टिकते. दोन-तीन खड्डे पट्टीने एकमेकांना जोडावेत. रोध मे महिन्यात मोजावा, कारण जुलैतला आकडा नेहमीच चांगला येतो.

स्पीकरमधून सतत येणारी घरघर हा सर्वाधिक आढळणारा दोष. मिक्सर मागच्या भिंतीवरच्या प्लगला आणि अँप्लिफायर रंगमंचावरच्या वेगळ्या बोर्डाला जोडलेला असला, की दोन्हीकडच्या अर्थमधल्या व्होल्टेजच्या फरकामुळे केबलमधल्या धातूच्या जाळीतून करंट वाहतो. ५० हर्ट्‌झची घरघर त्यातून येते. प्लगची अर्थपिन काढली की ती थांबते, म्हणून हा उपाय सर्रास केला जातो. तो जीवघेणा आहे. यंत्रात बिघाड झाला तर शॉक माइक धरणाऱ्याला बसतो. दोन्ही यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी, तीन पिनांची बॅलन्स्ड केबल (आवाजासाठी दोन तारा आणि वेगळी जाळी असलेली) वापरावी, तरीही घरघर उरली तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे देऊन तारांचा थेट संबंध तोडणारा) घालावा.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार. मुख्य इमारतीपासून सभागृहापर्यंत तांब्याची कॅट-६ केबल टाकली, तर अंतर १०० मीटरच्या मर्यादेत असूनही दोन्ही टोकांचे स्विच एकाच कडकडाटात जाऊ शकतात. दोन इमारतींमध्ये फायबरच (काचेच्या तंतूची, वीज न वाहणारी केबल) टाकावी, तीही धातूचे कवच नसलेली. कवच असलेलीच टाकली असेल, तर ते कवच इमारतीत शिरतानाच अर्थ करावे. तांब्याच्या नावाखाली विकली जाणारी, आत अॅल्युमिनियम असलेली स्वस्त केबल घेऊ नये. तिच्यावरून कॅमेरा किंवा अॅक्सेस पॉइंटला वीज दिली की ती तापते, आणि तिची तार पंच करताना (सॉकेटमध्ये दाबून बसवताना) तुटते.

दमटपणाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. हवा २८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो. एसीने २२ अंशांपर्यंत थंड झालेल्या सभागृहाची दारे कार्यक्रमानंतर सताड उघडली, की प्रोजेक्टरच्या भिंगावर आणि बंद यंत्रांच्या पत्र्यावर पाणी धरते. खारे कण आधीच बसलेले असतात, त्यांना ओल मिळाली की कनेक्टरवर हिरवट थर चढतो आणि माइक कुरकुरू लागतो. एसी दारे उघडण्याच्या अर्धा तास आधी बंद करावा. जून ते सप्टेंबर या काळात कार्यक्रम नसला तरी आठवड्यातून तासभर सगळी यंत्रे चालू ठेवावीत, म्हणजे त्यांच्याच उष्णतेने आतली ओल निघते. कॉर्डलेस माइकमधले सेल मात्र काढूनच ठेवावेत. रॅक भिंतीला टेकवू नये आणि केबलची भोके बुजवावीत, उंदीर तिथूनच शिरतात.

पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की वक्ता ऐकू येत नाही. आवाज चढवला तर माइक शिट्टी मारतो. खरा उपाय छताखाली रॉकवूलचा (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचा) थर आणि श्रोत्यांच्या जवळ आणखी स्पीकर. मुख्य स्पीकरपासून २० मीटर मागे लावलेल्या स्पीकरला सुमारे ५८ मिलिसेकंदांचा विलंब द्यावा, वर आणखी १०-१५ मिलिसेकंद. मग आवाज रंगमंचावरूनच आल्यासारखा वाटतो. विलंब न दिल्यास मागच्या रांगांत प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

प्रोजेक्टरसाठी साधी एचडीएमआय केबल १० मीटरपर्यंत भरवशाची. पुढे एचडीबेस-टी (नेटवर्क केबलवरून चित्र नेणारी जोडणी) किंवा फायबर एचडीएमआय लागते.

कॉर्डलेस माइक २.४ गिगाहर्ट्‌झचे असतील, तर सभागृह भरल्यावर प्रेक्षकांच्या मोबाइलमुळे ते अडखळतात. रिकाम्या सभागृहातली चाचणी इथे निरुपयोगी ठरते. एकांकिका स्पर्धा किंवा युवा महोत्सवासाठी यूएचएफ (वाय-फायपेक्षा कमी, वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे) माइक घ्यावेत आणि वाय-फाय ५ गिगाहर्ट्‌झवर न्यावे. ऑडिओ, कॅमेरे आणि पाहुण्यांचे वाय-फाय यांना वेगवेगळे व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले स्वतंत्र नेटवर्क) द्यावेत. थेट प्रक्षेपणाचा संगणक वायरनेच जोडावा. १०८० पिक्सेलच्या चित्राला ५-६ एमबीपीएस अपलोड लागतो, हाताशी निदान दुप्पट असावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात खांबांबरोबर वीज आणि मोबाइल नेटवर्कही गेले होते, त्यामुळे मोबाइल राउटर हा पर्याय इंटरनेटच्या रोजच्या खंडापुरताच. रेकॉर्डिंग सभागृहातल्या डिस्कवर नेहमी चालू ठेवावे.

लाइट जाण्यायेण्याचे झटके स्पीकरला सर्वांत आधी मारतात. सुरू करताना मिक्सर आधी आणि अँप्लिफायर शेवटी, बंद करताना अँप्लिफायर आधी. मिक्सर, स्विच आणि प्रक्षेपणाचा संगणक यूपीएसवर असावेत. अँप्लिफायर जनरेटरवर घ्यावेत, आणि वीज परतताच ते आपोआप सुरू होणार नाहीत अशी कॉन्टॅक्टरची (वीज गेल्यावर आपोआप सुटणाऱ्या स्विचची) व्यवस्था करावी.