सालदाराच्या मुलांची सहावी दाढ : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चोपडा व यावल तालुक्यांतील जी कुटुंबे वर्षानुवर्षे आमच्या दातांच्या दवाखान्यात येतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या केळीच्या बागेत किंवा कापसाच्या शेतात एखादे सालदार कुटुंब मुलाबाळांसह राहते. हे पत्रक त्या मुलांविषयी आहे. ते आम्ही मुद्दाम आपल्या हाती देत आहोत, कारण त्यांच्या आईवडिलांना खाडा करून दवाखान्यात येणे परवडत नाही आणि आपली गाडी मात्र बाजाराला इकडे येतच असते.

मूल सुमारे सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे घरात कोणाला कळत नाही, आणि पुढे ती किडली तरी दुधाचीच समजून सोडून दिली जाते. ‘दूधना दात शेतस, पडी जातीन,’ हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकतो. प्रत्यक्षात ही दाढ कायमची असते. ती काढावी लागली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाची कायमची दाढ काढताना आम्हाला जे वाईट वाटते, ते या पत्रकामागचे खरे कारण आहे.

ही दाढ ओळखणे अवघड नाही. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवावे, मोबाइलची बॅटरी लावावी आणि समोरच्या मधल्या फटीपासून एका बाजूने मागे दात मोजत जावे. पहिल्या पाचानंतर सहावी दाढ दिसली, तर ती कायमची आहे. तिच्या माथ्यावरच्या खोल चिरांमध्ये खारी-बिस्किटाचा लगदा अडकून बसतो, ब्रशचे केस तिथपर्यंत पोहोचत नाहीत आणि कीड तिथूनच सुरू होते. एखादी चीर काळी दिसत असेल, तर दुखण्याची वाट पाहू नये.

कीड लागण्याआधी या चिरा बुजवून टाकता येतात. दाढ स्वच्छ करून व कोरडी ठेवून तिच्यावर पातळ लेप दिला जातो. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही. लेप कायमचा नसतो, तो झिजला आहे का हे अधूनमधून पाहावे लागते. सालदार व मजुरांच्या मुलांची तपासणी आम्ही विनामूल्य करतो आणि लेपासाठी फक्त साहित्याचा खर्च घेतो.

घरी करायचे थोडेच आहे, पण ते रोज व्हायला हवे. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइड असलेल्या पेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मुलांच्या हाती मशेरी कधीही देऊ नये. ती तंबाखूच आहे, दात घासण्याचे साधन नव्हे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात, त्यात दातांची कीडही पाहिली जाते आणि पुढील उपचार मोफत असतात. अडचण पथकाने रुग्णालयासाठी दिलेल्या चिठ्ठीनंतर सुरू होते. एका आईने पदराच्या गाठीतून अशी चिठ्ठी काढून आमच्यासमोर ठेवली, तेव्हा तिच्या घड्या फाटल्या होत्या. कुठे जायचे हे तिला कोणी समजावून सांगितलेच नव्हते. चिठ्ठी असेल तर ती सोबत आणावी. आम्ही ती वाचून दाखवू, सरकारी रुग्णालयात कोणत्या विभागात जायचे ते लिहून देऊ आणि तिथे होणाऱ्या मोफत उपचारासाठी इथे पैसे घेणार नाही.

जी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांची मुले पुढचे काही महिने शाळेतही नसतात आणि पथकालाही सापडत नाहीत. अशा मुलांना टोळी निघण्यापूर्वी, शक्यतो दसऱ्याच्या सुमारास, घेऊन यावे, म्हणजे लेप किंवा भरण एकाच खेपेत उरकता येईल. आईवडिलांपैकी एकाने सोबत असावे. ते जमत नसेल तर त्यांना विचारूनच मुलाला आणावे आणि उपचारापूर्वी आमचे त्यांच्याशी फोनवर बोलणे करून द्यावे.